प्रेम हा पगार नाही: देवाच्या प्रीतीबद्दल थोडं सविस्तर

(हे या आठवड्याच्या एपिसोडचं शब्दांकन. बोलताना झालेली अडखळण आणि दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. हेडफोन हाताशी नसेल तर इथे वाचा.)

 

आजचा विषय मी ठरवलेला नाही, एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजनं ठरवलाय. मेसेज रात्री पावणेदोनला आला होता. नाव सांगणार नाही, त्याची परवानगी घेऊनच बोलतोय. हा मुलगा मूळचा नगर जिल्ह्यातल्या एका गावचा, ख्रिस्ती घरातला. पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करतोय. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, दिवसभर अभ्यासिका. तिसरा प्रयत्नही गेला. दोन आठवडे झाले, घरी सांगितलेलं नाही. वडील दर महिन्याला पैसे पाठवतात आणि फोनवर एवढंच विचारतात, "अभ्यास कसा चाललाय रे?" हा म्हणतो, "चाललाय."

मेसेजच्या शेवटी तो म्हणतो, "दादा, लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलंय की देव आपल्यावर प्रेम करतो. पण खरं सांगू? मला आता ते वाक्य ऐकलं की काहीच वाटत नाही. मी असं काय केलंय की त्यानं माझ्यावर प्रेम करावं?"

मी हा प्रश्न तीनचारदा ऐकला. आणि माझ्या लक्षात आलं की गाठ त्याच्या शेवटच्या वाक्यात आहे. "मी असं काय केलंय?" हा प्रश्न पगाराचा आहे. काम केलं तर पैसे, मार्क मिळाले तर शाबासकी, पोस्ट चांगली तर लाइक्स. आपण या हिशोबात इतके मुरलोय की देवाचं प्रेमही आपण त्याच वहीत लिहितो. ख्रिस्ती श्रद्धा नेमकी इथे वेगळं काहीतरी सांगते. ते काय आहे, कुठून आलंय आणि रोजच्या जगण्यात त्याचं काय करायचं, हे आज समजून घेऊ. तुम्ही ख्रिस्ती असाल, नसाल, कशावरच विश्वास नसेल, तरी ऐका. कारण पगाराची वही आपल्या सगळ्यांकडे आहे.

आधी शब्द बघू

मराठीत प्रेमाला किती शब्द आहेत बघा. आई माया करते. आजी जीव लावते. मित्रांमध्ये जिव्हाळा असतो. जुन्या पत्रांच्या शेवटी "लोभ असावा" लिहायचे. प्रत्येक शब्दाची ऊब वेगळी. मराठी बायबल उघडलं तर तिथे जास्त करून भेटतो तो "प्रीती" हा शब्द. आज बोलताना आपण प्रीती फारसं म्हणत नाही, आडनावाआधी मुलीचं नाव म्हणून म्हणतो तेवढंच. पण चर्चमध्ये वाढलेल्या मराठी माणसाच्या कानात तो शब्द पक्का बसलेला असतो.

बायबलचा दुसरा भाग, म्हणजे नवा करार, मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. ग्रीकमध्ये प्रेमासाठी बरेच शब्द होते. स्त्री-पुरुषांमधल्या ओढीसाठी "एरॉस", मैत्रीसाठी "फिलिया", घरच्या मायेसाठी "स्टॉर्गे". आणि चौथा "अगापे". नव्या करारात देवाच्या प्रेमाबद्दल बोलताना मुख्यतः हा चौथा शब्द येतो. म्हणून पुष्कळदा प्रवचनात ऐकायला मिळतं की अगापे म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रेम.

पण थोडं थांबा. हा शब्द काही जादूचा नाही. हिब्रू शास्त्राचं जे जुनं ग्रीक भाषांतर आहे, त्यात अम्नोनच्या गोष्टीतही हाच शब्द वापरलाय. अम्नोन म्हणजे दावीद राजाचा मुलगा, ज्यानं तामार या आपल्या सावत्र बहिणीवर अत्याचार केला. त्याच्या वासनेलाही तोच शब्द! म्हणजे शब्दकोश उघडून देवाचं प्रेम कळत नाही. शब्दाला अर्थ मिळाला तो गोष्टींमुळे, येशूनं सांगितलेल्या आणि येशूबद्दल सांगितलेल्या. तेव्हा आपणही गोष्टीकडे जाऊ.

नोकरी मागायला निघालेला मुलगा

लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, उधळ्या पुत्राचा दाखला आहे. (दाखला म्हणजे तहसीलचा नव्हे बरं का. एमपीएससीवाल्यांसाठी मुद्दाम सांगतोय. बायबलमध्ये दाखला म्हणजे शिकवण सांगणारी छोटी गोष्ट.)

आधी ही गोष्ट कोणासमोर सांगितली ते बघा. जकातदार आणि लोकांनी पापी ठरवलेली माणसं येशूकडे येत होती आणि तो त्यांच्या पंगतीला बसत होता. जकातदार म्हणजे रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारे, लोकांच्या नजरेत गद्दार. धर्माचे जाणकार कुरकुरायला लागले की हा कुणाबरोबर जेवतोय! त्या कुरकुरीला उत्तर म्हणून ही गोष्ट येते.

एका माणसाला दोन मुलगे. धाकटा म्हणतो, माझी वाटणी आत्ताच द्या. बाप जिवंत असताना! आपल्याकडे गावात कुणी असं केलं तर पारावर वर्षभर चर्चा होईल. यहुदी नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. बाप देतो. मुलगा दूर देशी जातो, सगळं उडवतो. मग तिथे दुष्काळ पडतो. हा डुकरं राखायला लागतो, यहुदी मुलासाठी याहून खालची पायरी नाही. डुकरांचं खाणं खाऊन पोट भरावं असं वाटण्याइतकी भूक.

मग तो घरी जायचं ठरवतो आणि एक भाषण तयार करतो. भाषणाचे तीन भाग आहेत. एक, मी चुकलो. दोन, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. तीन, मला तुमच्या पगारी नोकरांपैकी एक समजा.

तिसरा भाग लक्षात ठेवा. तो क्षमा मागायला निघालाय, पण खिशात नोकरीचा अर्ज आहे. त्याचा हिशोब असा: मुलगा म्हणून नापास झालो, निदान मजूर म्हणून तरी पास होईन. प्रेम गेलं, पगार तरी मिळेल.

आता पुढचं दृश्य. तो अजून लांब असतानाच बापाला दिसतो. म्हणजे बाप वाटेकडे डोळे लावून असणार. आणि बाप धावत सुटतो. त्या काळातला, त्या भागातला जमीनदार म्हातारा माणूस रस्त्यावर धावत नसे, अंगरखा वर धरून पळणं म्हणजे गावासमोर हसं करून घेणं. बाप ते करतो. मिठी मारतो, मुके घेतो. मुलगा भाषण सुरू करतो. पहिला भाग होतो, दुसरा भाग होतो. आणि तिसरा?

तिसरा भाग येतच नाही. बायबल उघडून स्वतः ताडून बघा. नोकरीचं वाक्य बोलायच्या आतच बाप नोकरांना हुकूम सोडतो: चांगला झगा आणा, हातात अंगठी, पायात जोडे, आणि जेवणाची तयारी करा. जोडे का? कारण गुलाम अनवाणी असत. घरचा मुलगा जोडे घालतो. अर्ज न वाचताच फेटाळला गेला. या घरात तुझ्यासाठी नोकरीची जागा नाहीच, मुलाची आहे.

ख्रिस्ती श्रद्धा देवाच्या प्रेमाबद्दल जे म्हणते, त्याचा गाभा हा आहे. ते प्रेम आधी येतं. माफीच्या आधी, सुधारण्याच्या आधी, लायकीच्या आधी. यासाठी मराठी ख्रिस्ती लोकांचा शब्द आहे "कृपा".

थोरल्याचं काय?

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आपल्यापैकी अनेकजण खरं तर थोरल्याच्या रांगेत बसलेले आहेत.

थोरला शेतावरून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, कारण कळल्यावर घरात यायलाच तयार नाही. त्याची तक्रार साधारण अशी: इतकी वर्षं मी राबतोय, तुमचं एकही म्हणणं मोडलं नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला साधं एक करडूसुद्धा कधी दिलं नाहीत.

ऐकलंत? हाही पगारच मोजतोय! धाकट्याला वाटतं, मी काम केलं नाही म्हणून प्रेम मिळणार नाही. थोरल्याला वाटतं, मी काम केलंय म्हणून प्रेम माझं देणं लागतं. दोघांची वही एकच. आणि बाप काय करतो? थोरल्यासाठीसुद्धा जेवण सोडून बाहेर येतो, समजावतो. थोरला आत गेला का? लूक सांगत नाही. गोष्ट तिथेच, उंबऱ्याबाहेर थांबते. कारण ऐकणारे, कुरकुरणारे, तेच थोरले होते. उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

मत्तयच्या विसाव्या अध्यायात याच धर्तीवर अजून एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो. आपल्याकडे मजूर नाका असतो ना, अगदी तसंच. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला, काम सुटायला तास उरला असताना, अजून काही आणतो. हिशोबाच्या वेळी सगळ्यांना एकच दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी. पहाटेपासून राबलेले भडकतात. आपणही भडकलो असतो. पण नाक्यावर पाचपर्यंत उभा असलेला माणूस आळशी नव्हता, त्याला कुणी काम दिलं नव्हतं. आणि त्याच्या घरच्या चुलीला पूर्ण दिवसाचीच भाकरी लागते. मालक त्याची गरज बघून देतो.

हे प्रेम फुकट आहे, स्वस्त नाही

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. देव सगळ्यांवर असंच प्रेम करत असेल तर मग काहीही करा, चालतंय की!

नाही. दाखल्यातल्या बापाला किंमत मोजावी लागली. इस्टेटीचा तुकडा गेला, गावात अब्रू गेली, घरात थोरला रुसला. क्षमा करणारा नेहमी काहीतरी स्वतःच्या अंगावर घेतो. तुम्ही मित्राचे पाच हजार माफ केले तर ते हवेत विरत नाहीत, तुमच्या खिशातून जातात.

ख्रिस्ती लोक क्रुसाबद्दल बोलतात ते या अर्थानं. माणसांनी केलेल्या वाइटाची किंमत देवानं येशूमध्ये स्वतःवर घेतली, अशी ती श्रद्धा आहे. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल मुद्दाम सांगतो की हे आपण चांगले झाल्यावर घडलं नाही, आपण पापी, अगदी वैरी असतानाच घडलं. आणि योहान आपल्या पहिल्या पत्रात एक पाऊल पुढे जाऊन देवाची ओळखच प्रीती या एका शब्दात करून देतो. मग लगेच पाय जमिनीवर आणतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डोळ्यांसमोरच्या भावावर प्रेम नाही आणि न दिसणाऱ्या देवावर आहे, असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय.

म्हणजे या प्रेमाची परीक्षा चर्चमध्ये होत नाही. ती खोलीवर होते, रूममेटबरोबर, बेसिनमधल्या खरकट्या भांड्यांपाशी.

केडगावची गोष्ट

आता कुणी म्हणेल, पुस्तकात छान वाटतं, प्रत्यक्षात असं कोण जगतं? म्हणून आपल्याच मातीतलं एक उदाहरण. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद असतो, स्पर्धा परीक्षेत एक मार्क असतो, बास. त्यापलीकडची रमाबाई बघू.

जन्म १८५८. वडिलांनी आणि आईनं त्या काळात मुलीला संस्कृत शिकवलं. तीर्थयात्रा करत हे कुटुंब देशभर पायी फिरलं. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि मोठी बहीण गेले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं. लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये नवरा गेला. विशीतली विधवा, पदरात लहान मनोरमा.

१८८३ मध्ये ती शिकायला इंग्लंडला गेली आणि वाँटेज इथल्या भगिनींकडे राहिली. त्या ख्रिस्ती संन्यासिनी. त्यांनी तिला लंडनमधलं फुलहॅम इथलं आपलं काम दाखवलं. तिथे समाजानं "वाया गेलेल्या" ठरवलेल्या बायकांना आसरा दिला जाई. रमाबाई थक्क झाली. अशा बायकांना कुणी मायेनं जवळ करतं, त्यांच्यासाठी आयुष्य देतं, हे तिनं पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीनं तिला योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली बाई. पाच नवरे झालेले, आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा समाजातली. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, तिच्याशी बोलत बसतो. रमाबाईनं पुढे लिहून ठेवलं की त्या गोष्टीनं तिला हलवलं. त्याच वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला.

पण थांबा, आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा भाग पुढे आहे. रमाबाई आपल्या आत्मकथनात कबूल करते की बाप्तिस्मा झाल्यावरही जवळजवळ आठ वर्षं तिच्या मनाला स्वस्थता नव्हती. धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाचं ती म्हणते. नियम पाळत होती, काम करत होती, पण आपण पुरेसे आहोत का ही धास्ती होती. तोवर ती अमेरिकेत पुस्तक लिहून, निधी जमवून परत आली होती, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करून पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं होतं. म्हणजे कर्तृत्वाच्या मापानं पहिला नंबर. तरी आत थोरल्या भावासारखी वही चालूच होती. मग तिला हळूहळू उमगलं की हे प्रेम मिळवायचं नाहीये, ते मिळालेलंच आहे, घ्यायचंय.

आणि उमगल्यावर ती हात जोडून स्वस्थ बसली का? उलट. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना शेकडोंनी घेऊन आली. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात अजून आल्या. शेती, विणकाम, छपाई, सगळं मुली शिकल्या. अंधांसाठी बार्तमी सदन. बार्तमी हा येशूनं दृष्टी दिलेला रस्त्यावरचा आंधळा भिकारी. आणि समाजानं टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी एक वेगळं घर. त्याचं नाव काय ठेवलं माहितीये? कृपासदन.

फुलहॅममध्ये जे पाहिलं ते तिनं केडगावात बांधलं.

तिच्यावर टीकाही झाली. धर्मांतरावरून पुण्यात मोठं वादळ उठलं, जुने मित्र दुरावले. तो इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर वेगळा एपिसोड होईल. पण आज मला एवढंच दाखवायचंय: प्रेम कमवायची धडपड सुटली की माणूस आळशी होतो, हा समज चुकीचा आहे. रमाबाईचे हात त्यानंतर जास्त मोकळे झाले.

रोजच्या जगण्यात म्हणजे नक्की काय?

आता हे सोमवारी सकाळी कसं दिसतं ते बघू.

चर्चमधल्या लग्नात तुम्ही गेला असाल तर करिंथकरांस पहिलं पत्र, तेरावा अध्याय वाचलेला ऐकला असेल. प्रीती कशी असते याची यादी. मागे मंद संगीत, सगळे भावुक. पण पौलानं ते लग्नासाठी लिहिलंच नव्हतं! करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर. इसवी सन ५५ च्या आसपास तिथली मंडळी आपसात भांडत होती. गट पडले होते, एकमेकांवर कोर्टात दावे चालले होते, आणि एकत्र जेवणाच्या वेळी काहीजण आधी जेवून तृप्त व्हायचे, तर गरीब उपाशी राहायचे. अशा लोकांना तो ती यादी लिहितो.

आणि मूळ ग्रीकमध्ये त्या यादीतल्या गोष्टी क्रियापदं आहेत. धीर धरणं. हेवा न करणं. चूक लिहून न ठेवणं. म्हणजे प्रीती ही आतून येणारी लाट असो वा नसो, ती करायची गोष्ट आहे. आपल्या श्रोत्यासारखं "काहीच वाटत नाही" अशा दिवशीसुद्धा ती करता येते. यात मोठा दिलासा आहे बघा.

मी स्वतः यातलं एकच क्रियापद घेऊन झगडतोय: चूक लिहून न ठेवणं. माझ्या फोनमध्ये एका नातेवाइकाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट होते. दोन वर्षांपूर्वी फॅमिली ग्रुपवर ते मला काय काय बोलले त्याचे. पुन्हा भांडण झालं तर पुरावा म्हणून. हा एपिसोड तयार करताना मी ते उघडले आणि मलाच लाज वाटली. डिलीट केले. मन लगेच साफ झालं का? नाही. पण वहीची पानं तरी फाडली.

दुसरं, हे प्रेम मोजून मापून व्यवहारी असतं. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाला तो शोमरोनी मलमपट्टी करतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो. दोन दिवसांची मजुरी. वर सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. तेल, जनावर, रोख रक्कम, उरलेल्या बिलाची सोय. स्टेटसला हृदय नाही ठेवलं त्यानं! तुमच्या अभ्यासिकेत कुणी तापानं पडलाय, तर त्याचा डबा आणून देणं, दवाखान्यात बरोबर बसणं, हेच ते.

आणि एक अवघड गोष्ट

हे न बोलता एपिसोड संपवला तर ते बेजबाबदारपणाचं होईल. "प्रेम सगळं सहन करतं" हे वाक्य लोकांना गप्प बसवायला वापरलं जातं. मारणाऱ्या नवऱ्याकडे बाईला परत पाठवायला. लहान मुलावरचा अत्याचार घरातल्या घरात दाबायला. देवाच्या प्रेमाचा असा अर्थ नाही.

ओडिशातली १९९९ ची घटना आठवा. जानेवारीतल्या एका रात्री केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावात, गाडीत झोपलेले ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, यांना जमावानं जाळून मारलं. ग्रॅहम बारीपदा इथे कुष्ठरुग्णांसाठी काम करत. त्यांची पत्नी ग्लॅडिस हिनं जाहीरपणे सांगितलं की तिनं मारेकऱ्यांना क्षमा केली आहे. ती कुष्ठरुग्णांचं काम करत तिथेच राहिली. २००५ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

पण हेही बघा, तिच्या क्षमेनं खटला थांबला नाही. तपास झाला, मुख्य आरोपीला शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये त्याची जन्मठेप कायम ठेवली. क्षमा म्हणजे माझ्या मनातल्या सूडाचा हक्क मी सोडतो. गुन्हा झालाच नाही असं म्हणणं किंवा पुढच्या माणसाला धोक्यात ठेवणं म्हणजे क्षमा नव्हे. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं: मन मोकळं करणं आणि न्याय मागणं.

म्हणून तुम्हाला कुणी मारत असेल, छळत असेल, तर मदत मागणं हे प्रेमाच्या विरुद्ध नाही. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. आणि मन फार खचलं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

परत पावणेदोनच्या मेसेजकडे

तर भावा, तू विचारलंस, मी असं काय केलंय की देवानं माझ्यावर प्रेम करावं? ख्रिस्ती श्रद्धेचं सरळ उत्तर आहे: काहीच नाही. आणि म्हणूनच ते काढून घेता येत नाही. जे निकालावर मिळालेलं नाही, ते निकालानं जाणार कसं? तुला ते आत्ता जाणवत नाही, हेही मी खोडून काढत नाही. रमाबाईसारख्या बाईला आठ वर्षं लागली.

एक प्रामाणिकपणे सांगतो. तुझे वडील धावत येतील याची गॅरंटी मी देऊ शकत नाही. दाखल्यातला बाप म्हणजे देवाचं चित्र आहे, प्रत्येक घरातला बाप तसा असेलच असं नाही. ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पैशांचा विषय निघेल. पण तू जे भाषण तयार करतोयस ना, मनातल्या मनात, रोज रात्री, त्यातला तिसरा भाग काढून टाक. "मी लायक नाही, आता मला नोकरासारखं वागवा" हा भाग. चुकलं असेल तर चुकलं म्हण. दोन आठवडे लपवलं, ते सांग. पुढे काय करायचं ते मिळून ठरवा, अजून एक प्रयत्न की दुसरी वाट. पण मुलगा म्हणून बोल, अर्जदार म्हणून नको.

हे मी त्याला व्हॉइस मेसेज करून पाठवलंय. दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून आलेलं नाही. आलं आणि त्यानं हो म्हटलं, तर पुढच्या वेळी सांगेन.

आणि तुम्ही बाकीचे, जे धाकट्यापेक्षा थोरल्याच्या रांगेत जास्त बसता, तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: ज्या माणसाचा हिशोब तुम्ही लिहून ठेवलाय, त्याला एक फोन. भांडण काढायचं नाही, उपदेश करायचा नाही. "जेवलास का?" एवढंच विचारा. मराठीत प्रीतीची सुरुवात बहुतेक वेळा याच वाक्यानं होते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि लोभ असावा!